शनिवारी लिहिलेला रविवार

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मध्येच माना हलवायचे कष्ट नकोत. पन्नास वर्षं सांगतोय, अजून एकाचाही बसलेला नाही. आणि आमच्या विक्रोळीच्या कन्नमवार नगरात विश्वास ठेवणारी माणसं कमी आहेत असं समजू नका. इथल्या माणसांनी बिल्डरने दिलेल्या तीन तारखांवर विश्वास ठेवलाय, चौथीवर ठेवायची तयारी चालू आहे. पण सीताराम घाडीने तुरुंगात डायरी लिहिली, त्या डायरीच्या जोरावर जेलरकडून बांगडे मिळवले, जेलरला भजनाला बसवलं आणि शेवटी स्वतःचं लग्नही लावून घेतलं, एवढं म्हटलं की हीच माणसं म्हणतात, "काका, चहा घ्या."

ह्या वेळी मात्र त्यांनी आपण होऊन विचारलं. आणीबाणीला पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या वाचनालयाच्या शर्मिष्ठाने वस्तीतल्या जुन्या वस्तू मांडायचं ठरवलं. शर्मिष्ठा म्हणजे चाळिशीची बाई, कडक. पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडे अशी बघते की तो पुढच्या वेळी पुस्तकच नेत नाही. तिने कॅरमच्या ढाली काढून काचेची पेटी रिकामी केली, आत निळं कापड अंथरलं आणि मला निरोप धाडला, काका, डायरी घेऊन या.

गेलो. रविवारची सकाळ, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीसेक माणसं. पहिल्या रांगेत आमची कमल, मांडीवर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि डायरी मांडीवर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, प्रत्येक पानाला नंबर, प्रत्येक पानावर जांभळा गोल शिक्का: तपासले.

"काका," शर्मिष्ठा म्हणाली, "पेटीत वही एकाच पानावर उघडी ठेवता येते. कुठलं पान ठेवू?"

"बांगड्यांचं ठेव."

"मला लग्नाचं हवंय."

"ते नको."

"का?"

"नाजूक झालंय ते पान."

"काका, एका वहीतल्या सगळ्या पानांचं वय सारखंच असतं ना."

लोक हसले. मी वहीवर अंगठा दाबून ठेवला आणि म्हटलं, "आधी गोष्ट ऐक. मग ठरवू."

तर ऐका.

पंचाहत्तर साली मी चोवीस वर्षांचा. विक्रोळीतल्या एका कारखान्यात लेथवर होतो आणि युनियनचा सहचिटणीस होतो, म्हणजे सभा संपल्यावर सतरंज्या उचलायचो. आणीबाणी लागली. पेपरात जे छापू देत नव्हते ते आम्ही पत्रकावर छापून वाटायचो. माझ्या जेवणाच्या डब्यात दोनशे पत्रकं, वर झाकायला दोन चपात्या. एका सकाळी हवालदाराने अडवलं. माणूस उपाशी होता. त्याने चपात्या खाल्ल्या आणि खाली पत्रकं निघाली. आजही मला वाटतं, तिसरी चपाती असती तर त्याचं पोट भरलं असतं आणि मी सुटलो असतो.

तुरुंगाचं नाव सांगत नाही, खाडीच्या पलीकडचा होता एवढं पुरे. राजकीय कैद्यांची बराक वेगळी, चाळीस माणसं. लाल झेंडेवाले, भगवे झेंडेवाले, समाजवादी, आणि दोघे असे की त्यांना आपल्याला का धरलंय हेच माहीत नव्हतं. बाहेर एकमेकांच्या सभा उधळणारी ही माणसं आत एका नळावर दात घासायची. माझ्या शेजारच्या अंथरुणावर घाटकोपरचा चंद्रप्रकाश. आता तो मुलुंडला लेकाकडे असतो. त्याला ऐकू येत नाही, म्हणून मी त्याला साक्षीला आणत नाही.

तुरुंगाचं मला काही वाटलं नसतं. भात होता, भोपळा होता, चर्चा होती. पण बाहेर कमल होती.

आमचं दोघांचं ठरलं होतं. कोणी ठरवलं विचारू नका, आम्हीच ठरवलं. तिचे वडील काशीराम परब, घाटकोपरला राहायचे. गिरणीतून जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून निवृत्त झालेले, पण घरातल्या माणसांना अजून पाळीवर बोलावल्यासारखं बोलवायचे. त्यांनी कमलला सांगितलं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. तोवर तो बाहेर आला नि लग्न झालं तर झालं. नाहीतर देवगडचं स्थळ." देवगडच्या त्या माणसाकडे हापूसची साठ कलमं होती. माझ्यावर सरकारने लावलेलं एकच.

आणि ते एकही असं की खटला नाही, तारीख नाही. आत कधीपर्यंत, ते कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सुटाल किंवा दहा वर्षांनी. अक्षय्य तृतीया मात्र पंचांगात छापलेली होती. दोन मे, रविवार.

भेटीला फक्त नातेवाइकांना सोडायचे. पहिल्याच शनिवारी कमल आली तेव्हा शिपायाने रजिस्टर पुढे केलं, नातं काय लिहू? ही म्हणाली, मामाची मुलगी. झालं. त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी सीताराम घाडीच्या मामाची मुलगी वीस मिनिटं हजर. भेट जेलरच्या खोलीत, त्यांच्याच टेबलाशी. मधे टेबल, टेबलावर आमच्या डायऱ्यांची चळत, बाजूला शिक्का आणि शाईची गादी.

आता जेलर. नंदकुमार बावडेकर. सडपातळ, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला फार भ्यायचा. टेबलावरची घंटी चार महिने बिघडलेली. दुरुस्तीचा अर्ज वर गेला होता आणि मंजुरी येईपर्यंत त्यांनी साधी तार जोडली नाही. चहा हवा असला की स्वतः उठून व्हरांड्यात जायचे आणि हाक मारायचे. आणि शिक्का म्हणजे त्यांचा कुळस्वामी. वापरून झाला की रुमालाने पुसायचे.

डायरी लिहायला परवानगी होती, पण बावडेकरांच्या अटी होत्या. पानावर नंबर आहे, पान फाडायचं नाही. खाडाखोड करायची नाही. कोरं पान सोडायचं नाही, कारण त्यांच्या मते कोऱ्या पानावर लिंबाच्या रसाने काहीही लिहिलेलं असू शकतं. दर शनिवारी दुपारी वह्या जमा करायच्या, ते तपासून शिक्का मारणार, आणि वह्या सोमवारी परत. रविवारी त्यांची सुट्टी, वह्या कपाटात कुलपात.

पहिल्याच शनिवारी मी विचारलं, "साहेब, वही तुमच्याकडे असली तर रविवारचं पान मी लिहू कधी? कोरं तर ठेवायचं नाही."

बावडेकर विचारात पडले. लाल पेन काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "आजच लिहून टाक, घाडी. तुरुंगात रविवारी असं वेगळं काय घडणार आहे?"

इथे त्यांची चूक झाली. त्यांच्या हातून झालेली तेवढी एकच, पण ती त्यांना तीन महिने पुरली.

पहिले काही रविवार मी इमानदारीत लिहिले. रविवार. सकाळी चहा, दुपारी वरणभात आणि भोपळा, विशेष काही नाही. शिक्का. पुढचा रविवार, भोपळा, शिक्का. मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी माझं डोकं फिरलं. मालवणी माणसाला दोन महिने मासळी मिळाली नाही की त्याच्या हाताला काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण हाताने लिहिलं: रविवार. आज दुपारी सर्वांना तळलेले बांगडे मिळाले. माणशी दोन. ताजे होते.

बावडेकर तपासायचे म्हणजे ठरावीक शब्द शोधायचे. सरकार, हुकूमशाही, मोर्चा. बांगडा हा शब्द यादीत नव्हता. शिक्का बसला.

त्याच संध्याकाळी वह्या कपाटात ठेवताना त्यांची नजर पानावर गेली म्हणे. रविवार उजाडायचा होता आणि सरकारी शिक्क्याने मान्य केलं होतं की रविवारी चाळीस कैद्यांनी ऐंशी बांगडे खाल्ले. आता काय करणार? पान फाडता येत नाही. खाडाखोड करता येत नाही. शिक्का रद्द करायचा तर वरच्या ऑफिसला तीन प्रतींत कारण कळवायचं. कारण काय लिहिणार? मी न वाचता शिक्का मारतो?

रविवारी सकाळी दहा वाजता बराकीचं दार उघडलं. दारात नंदकुमार बावडेकर, सुट्टीच्या दिवशी, पायजम्यात. मागे शिपायाच्या डोक्यावर पाटी. पाटीतून शेपट्या बाहेर आलेल्या.

"घाडी," ते म्हणाले, "माणशी दोनच लिहिलेत ना? नीट आठव."

इथे मागच्या रांगेतला एकजण हसता हसता वडी घशात अडकून खोकायला लागला. शर्मिष्ठाने त्याला पाणी दिलं आणि मला म्हणाली, "दाखवा पान." मी दाखवलं. बांगडे, माणशी दोन, ताजे होते, वर शिक्का. तिने वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"पुढे?" ती म्हणाली.

पुढे काय, बराकीत बातमी पसरली. दुसऱ्या शनिवारी सकाळपासून माझ्या अंथरुणाशी रांग. कोणी म्हणे कांद्याची भजी लिही, कोणी म्हणे व्हॉलीबॉल लिही, एक प्राध्यापक म्हणे उशी लिही, माझी मान धरते. राजकीय माणसं, त्यांनी लगेच रविवार समिती नेमली. समितीची पहिली बैठक सात तास चालली, विषय एकच, मटण की शाकाहार. लाल झेंडेवाल्यांनी सभात्याग केला आणि बराकीला कुलूप असल्यामुळे खांबाच्या मागे जाऊन उभे राहिले. शेवटी एकमताने कांदाभजी.

रविवारी कांदाभजी आली.

त्याच्या पुढच्या रविवारी व्हॉलीबॉल आणि एक उशी. एका रविवारी मी लिहिलं, आज संध्याकाळी भजनाची डबलबारी झाली, एका बाजूला बुवा चंद्रप्रकाश आणि दुसऱ्या बाजूला बुवा बावडेकर. मला वाटलं, आता हा माणूस मला अंधारकोठडीत टाकणार. पण संध्याकाळी बावडेकर घरून पेटी घेऊन आले. आवाज असा निघाला की पहारेकरी भिंतीवरून खाली वाकले. चंद्रप्रकाशला मराठी भजन येत नव्हतं, त्याने तुलसीदासाचे दोहे लावले. बावडेकरांनी त्याला सवालात असं पकडलं की तो मला म्हणाला, "यार सीताराम, तूने मेरी वाट लगा दी." रात्री जाताना बावडेकर दाराशी घुटमळले. म्हणाले, "पुढच्या रविवारी काय आहे?"

पण तेव्हापासून ते सावध झाले. रविवारचं पान शिक्क्याआधी दोनदा वाचायला लागले, आणि घासाघीस करायला लागले. बासुंदी नको घाडी, दुधाचा कोटा नाही, शिरा लिही. मी शिरा लिहायचो. एकदा चंद्रप्रकाश म्हणाला, अरे, सरळ सुटका लिही ना, सगळ्यांची. मी लिहिणार होतो. बावडेकरांनी आधीच माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"सुटका माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "माझ्या हातात भिंतीच्या आतलं आहे. आतलं काय ते लिही. बाहेरचं माणूस आत नाही, आतलं बाहेर नाही. ह्याच्यापलीकडे गेलास तर वही बंद, भेटही बंद."

एप्रिल संपत आला. कमल दर शनिवारी येत होती आणि दर शनिवारी एक बातमी आणत होती. देवगडवाल्यांनी आंब्याची पेटी पाठवली. देवगडवाल्यांचा मामा येऊन घर बघून गेला. बाबांनी पेटीतला पहिला आंबा खाल्ला. ही शेवटची बातमी सगळ्यात वाईट. काशीराम परबांनी कोणाचं फुकट खाल्लं की ते परत केल्याशिवाय राहायचे नाहीत.

एक मे आला. शनिवार. उद्या अक्षय्य तृतीया. ज्या दिवशी लग्नाला मुहूर्त बघावा लागत नाही असा दिवस, आणि रविवार. म्हणजे त्याचं पान आजच लिहायचं होतं.

आख्ख्या बराकीला माझ्या मनातलं कळलं होतं. रविवार समितीने तातडीची बैठक घेतली. ठराव झाला की समितीची घाडींना सहानुभूती आहे, परंतु एका व्यक्तीच्या विवाहासाठी चाळीस जणांचे रविवार धोक्यात घालू नयेत. उशीवाले प्राध्यापक ठरावाचे सूचक.

"मग तुम्ही काय केलंत?" शर्मिष्ठाने विचारलं.

"मी काय करणार?" मी म्हटलं. "मी समितीसमोर उभा राहिलो. म्हटलं, बंधूंनो, ज्या हाताने बांगडे लिहिले त्या हाताला भीती ठाऊक नाही. पेन उघडलं. हात जराही थरथरला नाही. आणि ठळक अक्षरात लिहिलं."

पहिल्या रांगेत कमलने डब्याचं झाकण लावलं. जरा जोरातच लावलं. मी पुढे गेलो.

"लिहिलं की रविवार, अक्षय्य तृतीया. आज तुरुंगात कमलचं लग्न सीतारामशी झालं. दुपारी वही दिली. समोर कमल बसलेली. बावडेकरांनी पान वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, घाडी, माणूस आहेस. आणि धाडकन शिक्का मारला."

त्यानंतरचं सगळं सरळ होतं. शिक्का बसला म्हणजे लग्न झालं, आता फक्त लावायचं राहिलं होतं. रविवारी सकाळी सात वाजता घाटकोपरला काशीराम परबांच्या दारात तुरुंगाची जीप उभी राहिली. त्यांना वाटलं आपल्याला पण धरलं. त्यांनी एक शब्द विचारला नाही. पिशवीत टॉवेल, दंतमंजन आणि पंचांग टाकलं, बायकोला म्हणाले, भाड्याचं बघ, आणि जीपमध्ये बसले. मागच्या बाकावर कमल नवी साडी नेसून बसलेली दिसली तेव्हा त्यांना पहिला संशय आला.

तुरुंगात पोचल्यावर म्हणाले, "मी हे लग्न होऊ देणार नाही."

बावडेकरांनी वही पुढे केली. "परब, हे झालेलं आहे."

"ही मुलगी ह्याची बहीण म्हणून येत होती ना? रजिस्टरात काय लिहिलंय?"

"मामाची मुलगी," बावडेकर म्हणाले. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं, सतरा शनिवार, सतरा सह्या. "मामाच्या मुलीशी लग्न तुमच्याकडे चालतं की नाही?"

काशीराम परबांनी रजिस्टर बघितलं, वही बघितली, शिक्का बघितला. गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, शिक्क्यापुढे बोलायची सवय त्यांनाही नव्हती. एवढंच म्हणाले, "म्हणजे मी ह्याचा मामा?"

"रजिस्टरप्रमाणे, हो."

मग मंगलाष्टकांवरून बराकीत भांडण लागलं. भगव्यांना सगळी पाहिजे होती, समाजवाद्यांना संस्कृत नको होतं, लाल झेंडेवाले म्हणाले धार्मिक विधी असेल तर आम्ही खांबामागे जातो. तोडगा असा निघाला की प्रत्येकाने आपापलं एक म्हणायचं. एकाने विठ्ठलाचं म्हटलं. एकाने आठ तासांच्या कामाची मागणी मंगलाष्टकाच्या चालीवर म्हटली. चंद्रप्रकाशने सीता-स्वयंवर लावलं, ते आवरायला दोन माणसं लागली. आणि दर वेळी सगळ्यांनी मिळून "सावधान" म्हटलं की दारातले चार शिपाई टाचा जुळवून ताठ उभे राहायचे. अंतरपाट म्हणून बराकीची चादर, तिच्यावर माझा कैदी नंबर. अक्षतांना तुरुंगाचा तांदूळ, त्यातले खडे कमलच्या केसांतून दोन दिवस निघत होते. मोगऱ्याचे हार बावडेकरांच्या बायकोने घरून पाठवले. जेवायला शिरा. दुधाच्या कोट्याचं कोणी काही बोललं नाही.

चार वाजता नवरी घाटकोपरला गेली आणि नवरा बराकीत. मी आणखी दहा महिने आत होतो. कमल दर शनिवारी येत राहिली. रजिस्टरात मामाची मुलगी खोडता येत नव्हतं, म्हणून बावडेकरांनी पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं, व पत्नी. देवगडवाल्यांना आंब्याची पेटी परत गेली, एक आंबा कमी.

मी थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विश्वास कोणाचाच बसला नव्हता, चेहऱ्यांवरून दिसत होतं, पण टाळ्या चांगल्या होत्या. कोणीतरी चहा आणायला उठलं. मीही उठलो, वही काखेत मारली.

"काका, बसा जरा," शर्मिष्ठा म्हणाली. "मला एक सांगा. बावडेकर तोवर रविवारचं पान दोनदा वाचायला लागले होते, असं तुम्हीच म्हणालात."

"हो."

"बाहेरचं माणूस आत नाही, नाहीतर वही बंद, असंही म्हणालात."

"म्हणालो ना."

"घंटीची तार जोडायला मंजुरीची वाट बघणारा माणूस. त्याने हे पान वाचलं आणि शिक्का मारला?"

"डोळ्यांत पाणी आलं होतं गं त्यांच्या."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही. तू तिथे असतीस तर तुझ्याही आलं असतं."

"मी नव्हते," शर्मिष्ठा म्हणाली. मग ती पहिल्या रांगेकडे वळली. "काकी होत्या."

सगळे कमलकडे बघायला लागले. तिने डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, पदराने हात पुसले, माझ्याजवळ आली आणि माझ्या काखेतली वही अशी ओढून घेतली जशी ती मी बाजारातून आणलेली पिशवी ओढून घेते, आत काय सडकं आणलंय ते बघायला. पान तिला शोधावं लागलं नाही. बोट घालून उघडलं आणि शर्मिष्ठाच्या हातात दिलं.

"वाच."

शर्मिष्ठाने वाचलं, मोठ्याने. "रविवार. सकाळी चहा, दुपारी वरणभात आणि भोपळा. विशेष काही नाही." ती थांबली. "हे काकांचं अक्षर आहे."

"खाली."

"खाली दुसरं अक्षर आहे. तिरकं. अक्षय्य तृतीया. आज तुरुंगात कमलचं लग्न सीतारामशी झालं. मुलीची पसंती होती."

मी खिडकीबाहेर बघत होतो, बाहेर बघण्यासारखं बरंच काही होतं.

"खोटां बोलतास तुमी," कमल मला म्हणाली. "पन्नास वर्षं मी गप्प बसले. म्हटलं, बांगड्याचं सांगतायत, सांगू देत, बांगडे ह्यांचेच होते. पण हात थरथरला नाही काय? समितीचं ऐकून भोपळा लिहिलान ह्या माणसाने. माझ्यासमोर टेबलावर वही होती, मी उघडून बघितली तर भोपळा. मी म्हटलं, पेन द्या. हे म्हणाले, साहेब बघतील. मी म्हटलं, पेन द्या."

"आणि बावडेकर?" शर्मिष्ठाने विचारलं. "त्यांनी वाचलं नाही? डोळ्यांत पाणी?"

"कसलं पाणी. त्यांनी वाचलं ते संध्याकाळी," कमल म्हणाली. "मी लिहिलं तेव्हा ते व्हरांड्यात चहा सांगायला गेले होते. शिक्का टेबलावरच होता."